तरोटा एक की दोन?

रानातली भावंडं : भाग ६

मृगाच्या सरी पडून गेल्या की नागपुरात तरोटा उगवतो. कुणी पेरत नाही, कुणी पाणी घालत नाही. गोरेवाड्याच्या रस्त्याकडेला, रिकाम्या प्लॉटवर, रेल्वेलाइनच्या खडीत, जिथं दोन इंच माती मिळेल तिथं हे झाड दाटीनं वर येतं. कोवळं असताना त्याचे शेंडे खुडून बाजारात वाट्यानं विकायला येतात. डाळ घालून, लसूण-मिरचीची फोडणी देऊन भाजी होते. पोळ्यापर्यंत तरोटा जून होतो, पिवळ्या फुलांवर येतो आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. या लेखमालेचं काम नेमकं तेव्हा सुरू होतं.

मागच्या भागात पानांच्या मांडणीवरून कूळ कसं ओळखायचं ते पाहिलं. कूळ ओळखणं तसं सोपं असतं. माणसाच्या चेहऱ्यावरून तो देशमुखांच्या घरचा आहे हे चटकन कळतं, पण थोरला की मधला हे सांगताना जीभ अडखळते. वनस्पतींतही कस लागतो तो सख्ख्या भावंडांत. आणि पश्चिम महाराष्ट्रात ज्याला टाकळा म्हणतात त्या तरोट्यानं तर भल्याभल्यांना फसवलं आहे, कारण त्या एका नावाखाली दोन जाती नांदतात.

तरोट्याचं एक पान हातात घ्यावं. पान म्हणजे पूर्ण दांडी, तिच्यावरच्या पर्णिकांच्या जोड्यांसकट. जोड्या बहुधा तीन. पर्णिका टोकाला गोलसर, बुडाशी निमुळत्या, चुरगाळल्या तर उग्र वास. आता दांडीची वरची बाजू उजेडात धरून जिथं पर्णिकांची जोडी फुटते ती जागा पाहावी. तिथं तांबूस-पिवळा, जेमतेम दोन मिलिमीटर उंचीचा एक खुंट उभा दिसेल. तो काटा नव्हे. ती मधुग्रंथी आहे. तरोट्याच्या फुलात मध नसतो, मध आहे तो पानाच्या दांडीवर, आणि त्यासाठी मुंग्यांची ये-जा चालू असते. फुलावर येणाऱ्या भुंग्याला नुसते पराग मिळतात, तेही परागकोश गुणगुणून हलवल्यावर.

आता मोजायचं. खालच्या दोन्ही जोड्यांमध्ये एकेक ग्रंथी असेल, म्हणजे पानावर दोन, तर ती ‘सेना टोरा’. फक्त सगळ्यांत खालच्या जोडीत एकच असेल, तर ‘सेना ऑब्ट्युसिफोलिया’. पहिली आशियातली, दुसरी मूळची अमेरिकेतली.

एवढ्याशा खुंटावरून जात ठरवायची, हे ऐकून कुणालाही हसू येईल. शास्त्रज्ञांनाही बराच काळ ते पटलं नव्हतं. कार्ल लिनियसनं १७५३ साली ‘स्पेसिज प्लांटारम’ या ग्रंथात दोघांना वेगळी नावं दिली होती. तेव्हा ती ‘कॅसिया’ या प्रजातीत होती. पुढं १८७१ मध्ये जॉर्ज बेंथॅमनं कॅसियाचा सगळा पसारा आवरायला घेतला आणि या दोघांना एकात गुंडाळलं. बेंथॅमचा शब्द त्या काळी मोठा. जगभरच्या संग्रहांत दोन्ही झाडं ‘कॅसिया टोरा’ या एकाच चिठ्ठीखाली जमा होत राहिली. १९५८ साली क्यू उद्यानातल्या ब्रेनन यांनी आफ्रिकेतल्या कॅसियांचा अभ्यास करताना ही गाठ पुन्हा सोडवली. म्हणजे मधली सुमारे ऐंशी-नव्वद वर्षं औषधी उपयोगांपासून तणनियंत्रणापर्यंत टोराबद्दल जे काही लिहिलं गेलं, त्यातलं किती खरोखर टोराचं, हे संग्रहातला मूळ नमुना उघडून ग्रंथी मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

ब्रेनन यांचं म्हणणं टिकलं, कारण साक्षीदार एकटी ग्रंथी नव्हती. फुलाचा देठ घ्या. टोरात शेंग धरल्यावरही तो दीड सेंटिमीटरच्या आतच राहतो; ऑब्ट्युसिफोलियात दोन-तीन सेंटिमीटर लांब होतो. परागकोश भिंगाखाली धरा. ऑब्ट्युसिफोलियाच्या मोठ्या परागकोशांना टोकाजवळ बाटलीसारखी मान असते, टोराचे मात्र गोलसर, बिनमानेचे. आणि बी पाहा. तरोट्याचं बी चकचकीत, तिरपं कापल्यासारखं, दोन्ही अंगांना फिकट पट्टा असलेलं. टोराचा पट्टा रुंद, दीड ते दोन मिलिमीटरांचा. ऑब्ट्युसिफोलियाचा पट्टा म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची रेघ.

पानावरची ग्रंथी, फुलाचा देठ, परागकोशाचं टोक, बीवरचा पट्टा. एकमेकांशी काही देणंघेणं नसलेली ही चार ठिकाणं, आणि झाडामागून झाड चारही एकाच बाजूनं कौल देतात. दोन ग्रंथी असलेल्या झाडाचं बी रुंद पट्ट्याचंच निघतं. एकाच लक्षणातला फरक हा त्या झाडाचा लहरीपणा असू शकतो. चार लक्षणं जोडीनं बदलत असतील तर मधे भिंत आहे असं मानायला जागा असते.

उलट, नवशिका माणूस आधी पाहतो ती उंची. ती इथं पार निरुपयोगी. काळ्या कपाशीच्या जमिनीत तरोटा कमरेपर्यंत वाढतो. त्याच झाडाचं बी मुरमाड टेकडीवर पडलं तर रोप वीतभर उंचीवरच फुलून मोकळं होतं. पानाचा आकार सावलीत वाढतो, उन्हात घटतो. अशी लक्षणं जातीबद्दल काही बोलत नाहीत, बोलतात ती जमिनीबद्दल आणि पावसाबद्दल. नावावरही विसंबू नये. ‘ऑब्ट्युसिफोलिया’ म्हणजे बोथट पानांची. टोराचीही पानं तितकीच बोथट असतात!

हे झालं जुळ्यांचं. तरोट्याचं तिसरं भावंड मात्र जिवावर बेतू शकतं. कासविंदा, कुणी त्याला रानटाकळाही म्हणतात. शास्त्रीय नाव ‘सेना ऑक्सिडेंटॅलिस’. उकिरड्याच्या कडेला, पडक्या भिंतीपाशी तो तरोट्याच्या शेजारीच उभा असतो. फुलं तशीच पिवळी. ओळखायची खूण पुन्हा ग्रंथीच, पण जागा वेगळी. कासविंद्याची ग्रंथी पर्णिकांमध्ये नसते, ती दांडीच्या अगदी बुडाशी, गोल आणि गडद रंगाची असते. पर्णिका टोकदार. शेंग चपटी, बोटभर. तरोट्याची शेंग लांब, बारीक, कोयत्यासारखी वाकलेली.

पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौरच्या आसपास पावसाळा संपता संपता लहान मुलं अचानक बेशुद्ध होऊन दगावत. वर्षानुवर्षं तो विषाणूचा मेंदूज्वर समजला जाई. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं बोट ठेवलं ते कासविंद्याच्या बियांवर. मुलं खेळता खेळता शेंगा खात होती आणि विष यकृत, स्नायू व मेंदूवर घाला घालत होतं. २०१६ साली ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यात मुलांचे मृत्यू झाले, तेव्हा जपानी मेंदूज्वराबरोबर याही झाडाकडे तपास वळला. तिथं त्याचं नाव ‘बाणा चाकुंडा’, रानचा चाकुंडा. आणि नुसता चाकुंडा म्हणजे तरोटा. टाकळा आणि रानटाकळा, हुबेहूब तीच जोडी. बोलीभाषेनं दोघांतलं नातंही ओळखलं आणि फरकही. फक्त ‘रान’ या शब्दात धोक्याची घंटा वाजत नाही.

बाजाराला कोणता फरक महत्त्वाचा वाटतो, तेही पाहण्यासारखं आहे. तरोट्याच्या बियांपासून डिंक काढतात. ‘कॅसिया गम’ या नावानं तो खाद्यपदार्थांत, विशेषतः कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाण्यात, दाटपणासाठी जातो. या डिंकाची व्याख्याच अशी आहे की तो टोरा आणि ऑब्ट्युसिफोलिया या दोन्हींच्या बियांचा चालेल, पण त्यात ऑक्सिडेंटॅलिसचं प्रमाण ०.०५ टक्क्याहून कमी हवं. ब्रेनन यांनी जी भिंत उभी केली ती व्यापाऱ्यानं सरळ ओलांडली, आणि कासविंद्यापुढची भिंत मात्र दहा हजारांत पाच इतक्या बारकाईनं राखली. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, असंच म्हणावं लागतं.

चौथं भावंड ‘सेना युनिफ्लोरा’ अमेरिकेतून आलेलं. गाजरगवताला दडपतं म्हणून कर्नाटकात धारवाडकडे त्याला प्रोत्साहन मिळालं आणि आता महाराष्ट्रातल्या पडीक जागांवर तेच माजलं आहे. तपकिरी लव, आखूड खाचदार शेंगा आणि पर्णिकांच्या प्रत्येक जोडीत ग्रंथी, एवढं ध्यानात ठेवलं तर पुरे.

मग बहावा? तोही जुन्या हिशेबानं याच घरातला, कॅसिया. १९८२ मध्ये आयर्विन आणि बार्नबी यांनी घराच्या वाटण्या केल्या. बहाव्याच्या फुलात तीन लांब पुंकेसर इंग्रजी ‘एस’सारखे वळलेले असतात आणि पानावर ग्रंथी नसते, तो ‘कॅसिया’तच राहिला. सरळ पुंकेसरांचे तरोटा-कासविंदा ‘सेना’त गेले. सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर मे महिन्यात लोंबणारी पिवळी झुंबरं पाहताना ती वळणं खालूनही दिसतात.

नागपूरकरांना झाडं ओळखण्याच्या या कामी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा थियोडोर कुक यांचा प्रसिद्ध ग्रंथ सरळ लागू पडत नाही. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं, आणि झाडांना प्रांताच्या सीमा कळत नसल्या तरी ग्रंथांना कळतात. जिल्ह्याची स्वतंत्र वनस्पतिसूची एन. आर. उगेमुगे यांनी १९८६ साली ‘फ्लोरा ऑफ नागपूर डिस्ट्रिक्ट’ या नावानं दिली. पुढं भारतीय वनस्पती सर्वेक्षणानं द्विदल वनस्पतींचे राज्यव्यापी खंड २००० आणि २००१ मध्ये काढले.

या आठवड्यात कुणाला करून पाहायचं असेल तर एकाच झाडावर थांबू नये. पाच जागची पाच झाडं, प्रत्येकाची खोडाच्या मध्यावरची तीन पानं. नमुना दाबून ठेवायचा असेल तर एक तरी पान दांडीची वरची बाजू दिसेल असं पसरावं, आणि ग्रंथी किती व कुठे हे तिथंच उभ्या उभ्या चिठ्ठीवर लिहावं; वाळल्यावर ती सुरकुतते. शेंगा अजून हिरव्या आहेत. बियांचा पट्टा पाहायला दिवाळीपर्यंत थांबावं लागेल.

पुढच्या भागात आपटा आणि कांचन. दसऱ्यासाठी आपट्याच्या जुड्या बाजारात यायच्या आत.