शंभर तासांचा खेळ, आठवड्याची समीक्षा

डिसेंबर २००९ मध्ये 'फायनल फँटसी १३' हा व्हिडीओ गेम जपानमध्ये दाखल झाला, तेव्हा 'फामित्सू' या तेथील प्रतिष्ठित नियतकालिकाने त्याला चाळीसपैकी ३९ गुण बहाल केले. चार समीक्षकांनी प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे, ही या नियतकालिकाची जुनी रीत. म्हणजे तिघांना खेळात काहीच उणे आढळले नव्हते. मार्च २०१० मध्ये हाच खेळ पाश्चात्त्य बाजारपेठेत उतरला आणि 'एज' या ब्रिटिश मासिकाने त्याला दहापैकी अवघे पाच गुण दिले. जपानी रोल-प्लेइंग गेमना समीक्षकांकडून न्याय मिळतो काय, या वादात हे उदाहरण आजही पुढे केले जाते.

जपानी परंपरेत नायक बहुधा ठरलेला असतो, कथा लेखकाने आखलेली असते आणि लढत अनेकदा पाळीपाळीने चालते. 'ऑब्लिव्हियन' किंवा 'फॉलआउट ३' यांसारख्या पाश्चात्त्य खेळांत मात्र खेळाडूला विस्तीर्ण जगात मोकळे सोडले जाते. दिग्दर्शक मोतोमु तोरियामा यांनी कमी गुणांचे खापर नेमके या फरकावर फोडले; समीक्षक पाश्चात्त्य खेळांच्या चष्म्यातून पाहतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो अर्धाच पटतो. 'फायनल फँटसी १३'मध्ये अकराव्या प्रकरणापर्यंत, म्हणजे वीसएक तास, खेळाडू जवळजवळ सरळ वाटेनेच चालत राहतो. ही तक्रार 'इप्पोनमिची', अर्थात एकच वाट, या शब्दात खुद्द जपानी खेळाडूंनीही केली होती. शिवाय पुढच्याच भागाला 'फामित्सू'ने २०११ मध्ये चाळीसपैकी चाळीस गुण दिले. तेव्हा औदार्याचीही चिकित्सा व्हायला हवी.

खरी अडचण वेळेची आहे. 'पर्सोना ५' पूर्ण करण्यास शंभरएक तास सहज लागतात. प्रकाशनाच्या दिवशीच समीक्षा छापायची, तर समीक्षकाने तो कसा खेळायचा? घाईघाईने, रात्री जागवून. संथ गतीने उलगडणारी कथा अशा वेळी रटाळ वाटली, तर नवल नाही.

२०१० मधील 'निअर' या खेळाला याची सर्वाधिक झळ बसली. योको तारो दिग्दर्शित हा खेळ एकदा संपवून पुन्हा सुरू केला, की ज्यांना आपण राक्षस समजून मारत होतो त्यांचे बोलणे प्रथमच कळू लागते आणि साऱ्या कथेचा अर्थ पालटतो. पहिल्याच फेरीवर निकाल देणाऱ्याला हे कळणार कसे? एका संकेतस्थळाच्या समीक्षकाची गाडी तर आरंभीच्या मासेमारीपाशीच अडली आणि त्याने खेळ सोडून दिला. तसे प्रामाणिकपणे लिहिले, हे त्याचे श्रेय. विविध समीक्षांची सरासरी काढणाऱ्या 'मेटाक्रिटिक'वर 'निअर' शंभरपैकी सत्तरीच्या आतच राहिला. २०२१ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा सरासरी ऐंशीच्या वर गेली. लढतीत सुधारणा झाली होती, हे खरे. कथा मात्र बव्हंशी तीच होती.

या आकड्यांशी पोटापाण्याचा प्रश्नही निगडित असतो. २०१० मधील 'फॉलआउट: न्यू वेगास' हा अमेरिकी खेळ. त्याची सरासरी ८५ झाली असती, तर निर्मात्या 'ऑब्सिडियन' कंपनीला बोनस मिळणार होता. ती ८४ वर थांबली आणि बोनस हुकला, हे त्या संघातील ख्रिस अ‍ॅव्हेलॉन यांनी २०१२ मध्ये जाहीर केले. जिथे एका गुणाला इतकी किंमत, तिथे समीक्षकाची घाई किरकोळ मानता येत नाही.

'जेआरपीजी' ही संज्ञा प्रथम कानी आली तेव्हा काही जपानी निर्मात्यांना ती भेदभाव करणारी वाटली होती, असे 'फायनल फँटसी १६'चे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ मध्ये सांगितले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२५ मध्ये, 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३' या खेळाला 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाचा मान मिळाला. पाळीपाळीची लढत, ठरलेले नायक, आखलेली कथा, सारा थाट जपानी. निर्माते मात्र फ्रान्समधील माँपेलिएचे.