नगरपालिकेत बसलेले गुरुजी

महात्मा जोतीराव फुले म्हटले की आपल्याला १८४८ सालची भिडेवाड्यातली मुलींची शाळा आठवते, सावित्रीबाई आठवतात, १८७३ चा सत्यशोधक समाज आठवतो. पण हेच जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आमच्या खापरखेड्यासारख्या गावात कारभाराची चर्चा नळ, नाली, रस्ता आणि वीज केंद्राची राख एवढ्यावरच थांबते. शाळा हाही स्थानिक कारभाराचाच विषय आहे, असे मानणाऱ्या या सदस्याची कामगिरी म्हणूनच पाहण्याजोगी आहे.

जोतीराव निवडून आलेले नव्हते. सरकारने नेमलेले होते. स्थानिक संस्थांत लोकांनी निवडलेली माणसे बसावीत, असा लॉर्ड रिपनचा ठराव आला तो १८८२ च्या मे महिन्यात. नेमलेल्या सदस्याने मान डोलवावी, हीच तेव्हाची रीत. त्यातून जोतीराव ठेकेदारही होते. सरकारी बांधकामांवर काम करणाऱ्याने साहेबाची मर्जी राखणे व्यवहाराला धरूनच झाले असते.

पण त्यांनी ती राखली नाही. १८८० साली व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर लावा, असे जोतीरावांनी सुचवले. मत देण्याची वेळ आली तेव्हा ३२ नियुक्त सदस्यांत विरोध करणारे ते एकटेच निघाले! त्याच वर्षी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्धही त्यांनी नगरपालिकेला लिहिले. भाजीबाजाराची भव्य इमारत बांधण्याचे ठरले, तेव्हाही त्यांचे म्हणणे तेच : हा पैसा शिक्षणाला द्या. इमारत झालीच. १८८६ मध्ये ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली. पुढे पुण्याच्या कॅम्पातील शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून गेले आणि त्यांच्या पुढाकाराने त्या बाजाराला नाव मिळाले महात्मा फुले मंडई. ज्यांचा विरोध, त्यांचेच नाव. आणि ते देणाराही एक शिक्षकच.

जोतीरावांचा खरा विचार कळतो तो १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनातून. सहीखाली त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली आहे. (कमिशनर म्हणजे तेव्हा सदस्य, आजचे आयुक्त नव्हेत.) सरकार शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर उधळते, ही त्यांची मुख्य तक्रार होती. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे, असे त्यांनी मागितले. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा सगळा खर्च नगरपालिकांनी उचलावा, हेही मागितले. आणि लगेच पुढे बजावले की या शाळांचा कारभार मात्र संपूर्णपणे नगरपालिकांच्या हाती देऊ नये, देखरेख शिक्षण खात्याचीच असावी. स्वतः नगरपालिकेत बसलेला माणूस हे लिहितो! आतला कारभार पाहिल्याशिवाय एवढी सावधगिरी येत नसते, असे मला वाटते.

मास्तर कसा असावा, हेही त्यांनी सांगितले आहे. तो शक्यतो शेतकऱ्यांच्या मुलांतून यावा, गावकऱ्यांत मिसळणारा असावा, नांगराला हात लावायची त्याला लाज वाटू नये. मुलांना मोडी, बाळबोध आणि हिशेब यांच्या जोडीला शेती व आरोग्याचीही माहिती मिळावी. मास्तरचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत पंधरा ते वीस असावा.

सक्तीच्या मागणीला फळ येण्यास फार वेळ लागला. नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारा मुंबई इलाख्याचा कायदा १९१८ मध्ये झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा देशव्यापी कायदा अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी, म्हणजे त्या निवेदनानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी.