बँकॉकमधील ‘ख्रू’ : मान मोठा, मुदत थोडी

सकाळचे ठीक आठ वाजतात. बँकॉकमधील शाळेच्या प्रांगणात राष्ट्रध्वज चढू लागतो आणि विद्यार्थ्यांच्या रांगांजवळ उभा असलेला परदेशी शिक्षकही स्तब्ध होतो. तत्पूर्वी फाटकावर त्याने मुलांचे असंख्य नमस्कार स्वीकारलेले असतात. हात जोडून, मान लववून केलेल्या या नमस्काराला तेथे ‘वाय’ म्हणतात आणि शिक्षकाला ‘ख्रू’. हा ‘ख्रू’ म्हणजे आपला ‘गुरू’च. विद्यापीठातील अध्यापकाला ‘आचान’ म्हणतात. त्यात ‘आचार्य’ दडलेला आहे. भारतातून गेलेल्या शिक्षकाला परक्या शहरात पहिल्याच दिवशी हे ओळखीचे शब्द भेटतात.

थायलंडमधील शाळा सामान्यतः मे महिन्याच्या मध्यावर उघडतात. त्यानंतर, बहुधा जूनमधील एखाद्या गुरुवारी, ‘वाय ख्रू’ हा गुरुवंदनेचा सोहळा होतो. मुले गुडघ्यांवर बसून शिक्षकांना पुष्पपात्रे अर्पण करतात. त्यात दूर्वा, वांग्याची फुले आणि रुईसारखी उग्र नव्हे, तर आपल्याकडे बागेत दिसणारी तांबडी इक्झोराची फुले असतात. टोकदार कळी कुशाग्र बुद्धीचे प्रतीक, झपाट्याने पसरणारी दूर्वा ज्ञानवृद्धीचे आणि खाली झुकलेले वांग्याचे फूल विनयाचे.

एरवीचा दिवस मात्र कष्टाचा असतो. वर्गात चाळीसच्या आसपास मुले, त्यांपैकी अनेकांना इंग्रजीत तोंड उघडण्याचा संकोच. तास नसला तरी शाळा सुटेपर्यंत थांबावे लागते. सायंकाळी कोणी १९९९ साली सुरू झालेल्या स्कायट्रेनने, तर कोणी सेन सेप कालव्यातील प्रवासी नावेने घर गाठतो. सहा वाजता स्थानकांत व उद्यानांत पुन्हा राष्ट्रगीत वाजते आणि घाईतली माणसेही जागच्या जागी थांबतात.

शाकाहारी कुटुंबांना पहिली चिंता जेवणाची असते. शाकाहाराला थाई भाषेत ‘मंगसविरत’ म्हणतात; म्हणजे मूळचे ‘मांसविरति’. परंतु हा शब्द उच्चारला म्हणजे काम झाले, असे नाही. भाजीतही माशांपासून केलेले ‘नाम प्ला’ सवयीने घातले जाते. त्याहून उपयुक्त शब्द ‘जे’. पिवळ्या पताकेवर तांबड्या अक्षरात ही खूण दिसली, की तेथील अन्नात मांस, मासे, अंडी, दूध, कांदा व लसूण नसतात. चिनी पंचांगानुसार सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या नऊ दिवसांच्या ‘जे’ उत्सवात चायनाटाउन या पताकांनी भरून जाते. बटाटा, मुळा, गाजर मात्र ‘जे’ अन्नात चालतात. त्यामुळे कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांना विचारपूस करावीच लागते. डाळी, पिठे आणि मसाले फाहुरात या भारतीय कापडबाजाराच्या परिसरात मिळतात.

खरी कसोटी असते कागदपत्रांची. अध्यापनासाठी योग्य व्हिसा, वर्क परमिट आणि शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती अनुमती लागते. पर्यटक व्हिसावर येऊन शिकवणे बेकायदेशीर आहे. मध्यस्थ कितीही आश्वासने देवोत, दंड व हद्दपारीचे संकट शिक्षकावरच येते. दर ९० दिवसांनी निवासाचा पत्ता इमिग्रेशन कार्यालयाला कळवावा लागतो. विलंब झाल्यास २,००० बाट दंड होतो. वास्तव्याची मुदत नोकरीशी बांधलेली असल्याने नोकरी सुटली की राहण्याचा हक्कही संपतो. एकाच शाळेत एकच काम करणाऱ्या परदेशी शिक्षकांची वेतनेही सारखी नसतात. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा देशांच्या नागरिकांना पुष्कळदा अधिक मिळते. म्हणून सुटीतील वेतन, विमा व राजीनाम्याची पूर्वसूचना यांविषयीची कलमे सही करण्यापूर्वी वाचावीत.

पैशाचा हिशेब दोन्ही देशांत चोख हवा. तेथे वेतनातून, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, ५ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीसाठी कापली जाते. इकडे परदेशी नोकरीसाठी गेलेल्या व्यक्तीने आपले बचत खाते एनआरओ खात्यात बदलून घेणे बंधनकारक आहे. परदेशातील मिळकत मायदेशी ठेवण्यासाठी एनआरई खाते सोयीचे. पात्र अनिवासी व्यक्तीला त्यावरील व्याज भारतात करमुक्त असते. अनेक घरांत मुलगा परदेशी जातो आणि जुने खाते तसेच चालू राहते. ही चूक वर्षांनंतर, घरखरेदीच्या वा वाटणीच्या वेळी, अडचणीची ठरते.

आणखी एक कागद मोलाचा आहे. देशाबाहेर जाण्यापूर्वी पुनःप्रवेशाची अनुमती घेतली नाही, तर शिल्लक राहिलेली वास्तव्याची मुदत रद्द होते. एका वेळेसाठी तिचे शुल्क १,००० बाट, तर अनेक वेळांसाठी ३,८०० बाट आहे. घरून वडिलांच्या अत्यवस्थ प्रकृतीचा निरोप येतो, तेव्हा हातात मिळेल ते विमान गाठण्याची घाई असते. अशा वेळी हा कागद आठवत नाही. उत्तरक्रिया आटोपून परतणाऱ्या शिक्षकाला मग व्हिसाची सारी प्रक्रिया मुळापासून करावी लागते. म्हणून जाणते शिक्षक वर्षाच्या आरंभीच अनेक वेळांची अनुमती घेऊन पासपोर्टात ठेवतात, आणि तिच्या मुदतीची तारीख घरच्यांनाही कळवून ठेवतात.