मल्हाररावांना गादीवरून कोणी उतरवले?

मल्हारराव गायकवाड म्हटले की बडोदेकरांना दोन गोष्टी चटकन आठवतात: सोन्याच्या तोफा आणि विषप्रयोगाचा खटला. दोन्ही खऱ्या आहेत. पण त्यांच्या चमचमाटात मूळ प्रश्न झाकून जातो. प्रजेला इतके नकोसे करून सोडणारा राजा चार वर्षांहून अधिक काळ गादीवर टिकला कसा, आणि अखेर गेला तो कोणामुळे? प्रचलित उत्तर असे की जुलूम अति झाला म्हणून इंग्रजांनी त्यांना काढले. हे उत्तर अर्धेच आहे. ज्या सत्तेने मल्हाररावांना काढले, तिच्याच आधारावर त्यांचा बेबंद कारभार उभा होता. आणि काढतानाही तिने प्रजेच्या तक्रारीपेक्षा स्वतःच्या प्रतिष्ठेकडे जास्त पाहिले.

मल्हारराव हे दुसऱ्या सयाजीरावांचे पुत्र. थोरले बंधू खंडेराव 1856 मध्ये गादीवर आले. त्यांना मारण्याचा कट केल्याच्या आरोपावरून 1863 मध्ये मल्हाररावांना पादरा येथे कैदेत टाकण्यात आले. 28 नोव्हेंबर 1870 रोजी खंडेराव वारले आणि कैदी एकदम राजा झाला. तोही पक्का नव्हे. खंडेरावांच्या राणी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर गादी त्याची. 1871 च्या जुलैमध्ये त्यांना मुलगी झाली आणि मल्हाररावांच्या मानेवरची टांगती तलवार गेली. सात वर्षे कोंडलेला, आणि मग कित्येक महिने एका बाळंतपणाकडे डोळे लावून बसलेला हा माणूस सत्ता हाती येताच सूड घ्यायला निघाला, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. खंडेरावांची मर्जीतली माणसे तुरुंगात गेली. त्यांचे मंत्री भाऊ शिंदे कैदेतच मेले, आणि त्यांना विष दिल्याचा संशय शेवटपर्यंत राहिला.

सूडाची झळ दरबारापुरती राहिली असती तर ती घराण्याची भानगड म्हणून सोडून देता आली असती. तसे झाले नाही. खंडेरावांच्या काळात जमिनीचा सारा ठरला तेव्हा कापसाची तेजी होती. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात गुजरातच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. युद्ध संपले, भाव कोसळले, सारा मात्र तसाच राहिला. त्यावर मल्हाररावांनी गादीवर बसल्याचा नजराणा लादला. महाल इजाऱ्याने दिले, अधिकाराच्या जागांसाठी नजराणे घेतले, आणि जागा विकत घेणाऱ्याने ती रक्कम रयतेकडून वसूल केली. उत्तरेकडे विजापूर भागातल्या ठाकोरांनी नजराणा देण्याचे नाकारले आणि तिथे दंगा उसळला. शहरात सावकारांच्या पेढ्यांवर टाच आली. कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली 1873 मध्ये चौकशी मंडळ बसले, त्याच्यापुढे रयत, सरदार, सावकार सगळे आले. भर शहरात फटके मारल्याच्या आणि घरंदाज बायकांना जबरीने वाड्यात दासी म्हणून नेल्याच्या तक्रारी त्यांत होत्या. सगळ्या शंभर टक्के सिद्ध झाल्या असे नाही, पण एवढ्या थरांतली माणसे एकच गाऱ्हाणे घेऊन येतात तेव्हा ते बनावट ठरवणे कठीण असते.

मग ही माणसे इतकी वर्षे काय करत होती? इथे थोडे मागे जावे लागते. अठराव्या शतकातला गायकवाडही मनमानी करत असे, पण त्याला अडवणारे लोक होते. सरदारांकडे स्वतःची पागा होती. राजाला पैसा पेढीवाले देत, तेव्हा त्यांचा शब्द मोडणे महागात पडे. अरब शिबंदीचे जमादार राजाच्या वचनाला जामीन राहत. या जामिनकीला बडोद्यात बहांदरी म्हणत. ही व्यवस्था न्यायाची होती असे कोणी म्हणणार नाही. थकलेल्या पगारासाठी राजालाच कोंडून ठेवणारे अरब रयतेचे कैवारी नव्हते. तरी राजाला कोणाची तरी भीती होती. 1802 मध्ये इंग्रजांनी अरबांना बडोद्यातून हुसकावले, पुढच्या तहांनी तैनाती फौज कायमची बसवली, आणि गायकवाडांच्या गादीला बाहेरच्या शत्रूपासून तसेच घरच्या बंडापासून अभय मिळाले. कंपनीचाच अधिकारी टॉमस मन्रो याने 1817 मध्ये गव्हर्नर जनरलला लिहिलेल्या पत्रात हा धोका स्पष्ट मांडला होता. हिंदुस्थानात वाईट राज्याला उतारा म्हणजे वाड्यातली उलथापालथ नाहीतर बंड. तैनाती फौज तो उताराच काढून घेते आणि राजाला आळशी व क्रूर बनवते, असा त्याचा मुद्दा होता. मल्हाररावांचा कारभार म्हणजे या भाकिताचा जिवंत पुरावा. त्यांच्यावर उठायचे म्हणजे ब्रिटिश संगिनींवर उठायचे, हे विजापूरच्या ठाकोरांना आणि बडोद्याच्या सावकारांना पुरते ठाऊक होते.

चौकशी मंडळाच्या अहवालानंतर व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनी जुलै 1874 मध्ये मल्हाररावांना खरीता पाठवला: 31 डिसेंबर 1875 पर्यंत कारभार सुधारा, नाहीतर गादी जाईल. दिवाणपदावर दादाभाई नौरोजी होते. त्यांनी स्वच्छ माणसे आणून घडी बसवायचा प्रयत्न केला, पण राजाचे जुने पित्ते एका बाजूला आणि रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेर दुसऱ्या बाजूला, अशा कात्रीत ते सापडले आणि थोड्याच काळात बाहेर पडले. 9 नोव्हेंबर 1874 च्या सकाळी फेर फिरून परतले. नेहमीप्रमाणे टेबलावर पपनसाचे सरबत ठेवलेले होते. दोनतीन घोट घेतले, चव बरी वाटली नाही, म्हणून उरलेले त्यांनी ओतून टाकले. जरा वेळाने मळमळू लागले, पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली.

जानेवारी 1875 मध्ये मल्हाररावांना कैद झाली आणि फेब्रुवारीत सहा जणांच्या मंडळापुढे सुनावणी सुरू झाली. कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष, मीड आणि मेलव्हिल हे आणखी दोन इंग्रज, आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह व सर दिनकरराव राजवाडे हे तीन हिंदी. बचावासाठी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. पुराव्याचा सगळा भार स्वतः सामील असल्याचे कबूल करणाऱ्या साक्षीदारांवर होता: रेसिडेन्सीतले रावजी आणि नरसू, आणि राजाचा खाजगी कारभारी दामोदरपंत. तिघेही पोलिसांच्या ताब्यात असताना बोलले होते. तीन इंग्रजांना आरोप शाबीत वाटला, तीन हिंदी सदस्यांना वाटला नाही. मंडळ दुभंगताच सरकारने विषाचा आधार बाजूला ठेवला. एप्रिलमधल्या जाहीरनाम्यात कुप्रसिद्ध वर्तन, घोर बेबंदशाही आणि सुधारणेची असमर्थता ही कारणे देऊन त्यांना पदच्युत केले. सुधारणेसाठी दिलेल्या मुदतीचे आठ महिने तेव्हा शिल्लक होते. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत बोलकी गोष्ट आहे. रयतेच्या हालांना सरकार दीड वर्षाची मुदत देऊ शकत होते. रेसिडेंटच्या पेल्यातल्या गाळाला सहा महिनेही देऊ शकले नाही.

यावर पहिला आक्षेप त्या काळच्या देशी वृत्तपत्रांनीच घेतला होता: मल्हारराव हे परकीय अन्यायाचे बळी, मग त्यांना जुलमी कसे म्हणता? पुण्याच्या सार्वजनिक सभेपासून बंगालच्या पत्रांपर्यंत सहानुभूतीची लाट उठली, बडोदे शहरातही गडबड झाली. तो संताप समजण्यासारखा आहे, कारण आज बडोद्यात झाले ते उद्या कुठेही होऊ शकत होते. पण खटला अन्यायाचा होता म्हणून फटके खाल्लेल्यांच्या पाठीवरचे वळ पुसले जात नाहीत. एकाच माणसावर अन्याय होऊ शकतो आणि त्यानेही अन्याय केलेला असू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कसेही झाले तरी फळ चांगलेच मिळाले. मे 1875 मध्ये सर टी. माधवराव दिवाण म्हणून आले, जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला, आणि तोच सयाजीराव महाराज झाला. 1893 मध्ये अमरेलीत आणि 1906 मध्ये संपूर्ण राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, ग्रंथालये, बँक: हे ऋण बडोदेकराने विसरूच नये. तरीही हे भाग्य होते, व्यवस्था नव्हती. सयाजीरावांनी 1908 मध्ये धारासभा काढली खरी, पण अखेरचा शब्द गादीचाच राहिला. जबाबदार राज्यपद्धती मागणारे प्रजामंडळ 1916 मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले, ते उगीच नव्हे.

1939 मध्ये नातू प्रतापसिंहराव आले आणि कच्चा दुवा उघडा पडला. राज्याच्याच एकपत्नीत्वाच्या कायद्याला बाजूला सारून त्यांनी सीतादेवींशी दुसरे लग्न केले. ज्या गादीने कायदा केला तिलाच तो लागू करणारा कोणी नव्हता. खजिन्यातून मोठ्या रकमा उचलल्या गेल्या, मौल्यवान जडजवाहीर परदेशी गेले. या वेळी फरक एवढाच की 1948 मध्ये डॉ. जीवराज मेहतांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले होते. 1 मे 1949 ला राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले, हिशेब तपासले गेले आणि उचललेल्या पैशाचा जाब महाराजांना द्यावा लागला. मल्हाररावांच्या रयतेला जाब विचारण्यासाठी मीड यांच्या मंडळाची वाट पाहावी लागली होती. तरी पूर्ण बदल म्हणता येणार नाही: 1951 मध्ये प्रतापसिंहरावांची मान्यता काढून फत्तेसिंहरावांना दिली गेली, तो हुकूमही वरूनच, दिल्लीहून, निघाला होता, आणि त्याचे निकटचे कारण संस्थानिकांची संघटना बांधण्याची त्यांची खटपट हे होते. मल्हारराव त्याआधी कितीतरी वर्षे, 1882 मध्ये, मद्रासला नजरकैदेत वारले होते. विष त्यांनी घातले की नाही याचा निर्णय तीन विरुद्ध तीन असाच राहिला. त्यांच्या कारभाराचा निर्णय रयतेला विचारला असता तर तो इतका सारखा विभागला गेला नसता, पण तसा प्रश्न तिला कोणी टाकलाच नाही.