चित्रपटगृहाची स्वच्छता : दोन खेळांमधील पंधरा मिनिटे

चित्रपटगृहातील दिवे मालवले जातात आणि पाठीमागच्या भिंतीतील लहानशा खिडकीतून प्रकाशाचा झोत पडद्यावर पडतो. मुलांचे लक्ष पुष्कळदा पडद्याऐवजी या झोताकडेच जाते. कारण त्यात असंख्य सूक्ष्म कण तरंगताना आणि गिरक्या घेताना दिसतात. हे कण कोठून येतात? दिवे लागलेले असताना ते का दिसत नाहीत? आणि आपल्या श्वासाबरोबर ते शरीरात जातात काय? चित्रपटगृहाच्या स्वच्छतेचा विचार या प्रश्नांपासूनच सुरू करणे योग्य होईल.

झोतातील धूळ

प्रकाशाच्या मार्गात एखादा कण आला म्हणजे तो प्रकाश सर्व बाजूंना विखुरतो. भोवताली अंधार असेल तर हा विखुरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांना जाणवतो. उजेडात तो लोपून जातो. म्हणजे दिवे मालवल्यावर धूळ उत्पन्न होत नाही, ती केवळ दृष्टीस पडते.

जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८७० साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ‘धूळ आणि रोग’ या विषयावर व्याख्यान दिले. प्रखर प्रकाशझोताखाली स्पिरिटच्या दिव्याची ज्योत धरली असता झोतामध्ये काळ्या धुरासारखे लोट दिसतात, असे त्याला आढळले होते. वास्तविक तो धूर नव्हता. ज्योतीवरून वर जाणाऱ्या हवेतील कण जळून गेल्यामुळे तेथे प्रकाश विखुरण्यास काही उरलेच नव्हते. हवेतील धुळीचा मोठा भाग जळण्याजोगा, म्हणजे सेंद्रिय असतो, हे त्यावरून त्याने ताडले.

चित्रपटगृहातील धूळही पुष्कळशी अशीच असते. कपड्यांचे व आसनांवरील आच्छादनाचे तंतू, मनुष्याच्या त्वचेच्या झडलेल्या खपल्या, खाद्यपदार्थांचा चुरा आणि पादत्राणांबरोबर आलेली रस्त्यावरील माती यांचे ते मिश्रण होय. शेकडो माणसे तीन तास एका दालनात बसून उठली की या सर्वांची भर पडते.

कण खाली येण्यास लागणारा वेळ

धुळीचे कण मोजण्यासाठी मायक्रॉन हे माप वापरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मनुष्याच्या केसाची जाडी साधारणपणे ७० मायक्रॉन असते. हवेत कण जितका लहान, तितका तो सावकाश खाली येतो. आणि हा फरक आश्चर्य वाटावे इतका मोठा असतो. पाण्याइतक्या घनतेचे कण स्थिर हवेत दीड मीटर उंचीवरून सोडले, अशी कल्पना करू. १०० मायक्रॉनचा कण सुमारे ६ सेकंदांत जमिनीवर पोहोचेल. १० मायक्रॉनच्या कणाला सुमारे ८ मिनिटे लागतील, तर ५ मायक्रॉनच्या कणाला अर्धा तास. एक मायक्रॉनचा कण मात्र जवळजवळ १२ तास अधांतरी राहील.

आता चित्रपटगृहाचे वेळापत्रक पाहा. दुपारी १२, ३, सायंकाळी ६ आणि रात्री ९ अशा चार खेळांची वहिवाट एकपडदा चित्रपटगृहांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. चित्रपट, मध्यंतर आणि जाहिराती वजा जाता दोन खेळांमध्ये बहुधा पंधरा-वीस मिनिटेच उरतात. या अवधीत कोरड्या केरसुणीने रांगा झाडल्या, तर केर गोळा होतो. परंतु बारीक धूळ जमिनीवरून उठून हवेत जाते आणि पुढच्या खेळाचे प्रेक्षक स्थानापन्न झाल्यावरही तेथेच असते. जमीन स्वच्छ दिसते. हवा मात्र पूर्वीपेक्षा अधिक मलिन झालेली असते. यातील १० मायक्रॉनपेक्षा लहान कण श्वासमार्गात शिरू शकतात, आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण फुप्फुसांच्या अंतर्भागापर्यंत जातात.

सडा आणि संमार्जन

यावर उपाय कोणता? त्याचे मूळ तत्त्व आपल्या घरोघरी ठाऊक आहे. अंगण झाडताना आधी पाण्याचा हलका शिडकावा करावा, हा गृहिणींचा जुना परिपाठ. जत्रेतील तंबूच्या चित्रपटगृहातही मातीच्या जमिनीवर असेच पाणी शिंपडतात. ओले कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि जड कण हवेत तरंगत नाहीत. फरशीच्या दालनात हेच कार्य ओलसर, घट्ट पिळलेले फडके किंवा किंचित ओला केलेला लाकडाचा भुसा करतो. मात्र पाणी बेताचेच असावे. ओल राहिली तर पाय घसरण्याचे भय असते आणि गालिच्यास बुरशी धरते.

गालिचे व कापडी आसने यांना शोषणयंत्र अधिक उपयोगी पडते. या यंत्राची जन्मकथा बोधप्रद आहे. १९०१ च्या सुमारास ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने लंडनमध्ये हवेच्या दाबाने धूळ उडवून लावणाऱ्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. धूळ उडते आणि पुन्हा खाली बसते, हे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने एका खुर्चीवर हातरुमाल पसरून तोंडाने हवा ओढून पाहिली. रुमालाच्या खालच्या बाजूस धुळीचा डाग उमटला. धूळ फुंकण्याऐवजी शोषून गाळावी, ही कल्पना अशा रीतीने सिद्ध झाली आणि त्याच वर्षी त्याने तिचे पेटंट घेतले. आजही काही ठिकाणी मक्याच्या लाह्या एका बाजूस लोटण्यासाठी फुंकणारी यंत्रे वापरतात. त्यांनी वेळ वाचतो, हे खरे. परंतु बूथने जो दोष पाहिला तो त्यांत कायम आहे. शोषणयंत्राचीही गाळणी उत्तम असली पाहिजे, नाही तर एका टोकाने घेतलेली धूळ दुसऱ्या टोकाने बाहेर पडेल.

हवा पालटणे

जमीन कितीही पुसली तरी श्वासातून आलेले जंतू त्याने जात नाहीत. खोकताना व बोलताना उडालेले बारीक तुषार हवेतच वाळतात आणि त्यांचे सूक्ष्म अवशेष दीर्घकाळ तरंगत राहतात, हे विल्यम वेल्स या अमेरिकन संशोधकाने १९३४ साली दाखवून दिले. क्षयरोगाचा प्रसार मुख्यतः याच मार्गाने होतो. आणि जगातील सर्वाधिक क्षयरुग्ण आपल्या देशात आहेत. कोविडच्या साथीनंतर १५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या आसनांवर चित्रपटगृहे उघडण्यास केंद्र सरकारने परवानगी दिली, त्या वेळी प्रत्येक खेळानंतर निर्जंतुकीकरणाचा आग्रह धरण्यात आला. तथापि त्या रोगाच्या बाबतीतही पृष्ठभागापेक्षा कोंदट हवेचा धोका मोठा असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

म्हणून प्रेक्षक बाहेर पडू लागताच सर्व दारे उघडावीत व हवा बाहेर टाकणारे पंखे पूर्ण वेगाने चालवावेत. समजा, पंख्यांच्या योगे तासाला दालनाच्या आकारमानाच्या सहापट शुद्ध हवा आत येते आणि ती सर्वत्र नीट मिसळते. अशा स्थितीत १० मिनिटांनी मूळच्या तरंगत्या कणांपैकी शेकडा ३७ उरतील, आणि २० मिनिटांनी सुमारे शेकडा १४. वातानुकूलित दालनात पुष्कळशी हवा तीच तीच फिरत असते. तेथे बाहेरची हवा किती घेतली जाते आणि गाळण्या केव्हा धुतल्या, या दोन गोष्टींना महत्त्व आहे.

कामाचा क्रम

सहाशे आसनांचे दालन, सहा सेवक आणि पंधरा मिनिटे असा हिशेब मांडला, तर प्रत्येक आसनाच्या वाट्याला केवळ नऊ सेकंद येतात. एवढ्या वेळात सर्व काही धुणे अशक्य आहे. यास्तव कामाची वाटणी करावी लागते.

दोन खेळांमध्ये प्रथम हवा मोकळी करावी. नंतर कागद, बाटल्या व खाद्यपदार्थ हाताने किंवा चिमट्याने उचलावेत. शेवटी सांडलेले डाग ओल्या फडक्याने पुसावेत. शीतपेय वाळले म्हणजे साखरेचा चिकट थर उरतो आणि तो धूळ धरून ठेवतो. साखर पाण्यात विरघळत असल्याने त्यावर कोमट पाण्याचे फडके हाच उपाय. कोरड्या फडक्याने डाग पसरतो. रात्रीच्या खेळानंतर शोषणयंत्र चालवावे आणि फरशी धुवावी. आसनांची तपासणी व गाळण्यांची धुलाई ही कामे ठरावीक दिवशी करावीत. पडद्याला आवाज पलीकडून येण्यासाठी सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्याचा लेप नाजूक असतो, म्हणून तो तज्ज्ञाखेरीज कोणी पुसू नये.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. फिनेलचा वास म्हणजे स्वच्छता नव्हे. जंतुनाशकाची शक्ती घाणीतच खर्ची पडते. म्हणून आधी मळ काढावा, मग औषध वापरावे. ब्लीचिंग पावडर आणि शौचकूप धुण्याचे आम्ल ही कधीही एकत्र करू नयेत. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

ढेकूण, उंदीर आणि आग

आसनांच्या शिवणीत व फटींत ढेकूण दडून बसतात. त्यांची अंडी आठवडा ते दहा दिवसांत फुटतात आणि औषधाच्या एका फवाऱ्याने ती सर्व नष्ट होत नाहीत; म्हणून पुन्हा तपासणी करणे भाग पडते. रात्रभर पडून राहिलेले अन्न उंदरांना बोलावते आणि उंदीर विजेच्या तारा कुरतडतात.

साचलेला केर स्वतःच इंधन होय. ११ मे १९८५ रोजी इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथील क्रीडांगणात प्रेक्षकांच्या लाकडी सज्जाखाली वर्षानुवर्षे साठलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि ५६ माणसे मृत्युमुखी पडली. आसनांखालचा जो भाग कोणाला दिसत नाही, तोच आधी पाहावा, हा या दुर्घटनेचा धडा आहे.

झाडणाऱ्याचा श्वास

प्रेक्षक महिन्यातून एखाद्या वेळी चित्रपटगृहात जातो. झाडणारा सेवक तीच धूळ दिवसातून चार वेळा, आणि ती सर्वांत दाट असते अशा क्षणी, श्वासावाटे घेतो. त्याला लांब दांड्याचा पुसणा, हातमोजे, नाकातोंडावर घट्ट बसणारे आच्छादन आणि पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. दोन खेळांमधील अवधी पाच मिनिटांनी वाढविणे हा व्यवस्थापकास तोटा वाटेल. परंतु त्या पाच मिनिटांत हवा निवळते आणि सेवकाला कोरडी केरसुणी हाती घेण्याची घाई उरत नाही.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

काचेच्या तीन पट्ट्यांवर व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. पहिली पट्टी न झाडलेल्या वर्गात अर्धा तास ठेवून झाकावी. दुसरी, वर्ग कोरडा झाडल्यावर लगेच तितकाच वेळ ठेवावी. तिसरी दुसऱ्या दिवशी, ओलसर भुसा टाकून झाडल्यावर ठेवावी. मग भिंगाखाली प्रत्येक पट्टीवरील एक चौरस सेंटिमीटरमधील कण मोजून आकडे फळ्यावर लिहावेत. दम्याचा विकार असलेल्या विद्यार्थ्यांनी झाडण्याच्या वेळी बाहेर थांबावे.

हे आकडे पाहिल्यावर पुढच्या वेळी चित्रपटगृहातील प्रकाशझोताचा अर्थ विद्यार्थ्यांना निराळा वाटेल. त्या झोतात आधीच्या खेळाचा केर कसा काढला गेला, हे दिसत असते. आणि आपल्या हातातील कागदाची पुडी आसनाखाली टाकावी की दाराजवळच्या टोपलीपर्यंत न्यावी, याचा निर्णय करणेही मग कठीण जाणार नाही.