भंगारातली ई.एच.टी.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यात जुना टीव्ही बंद पडला, दुरुस्तीच्या पलीकडं गेला, की पुढचं सगळं ठरलेलं असतं. मलकापूरच्या नाहीतर बांबवड्याच्या भंगारवाल्याकडं तो किलोवर जातो आणि तिथं त्याची फोड होते. आधी निघते ती पिक्चर ट्यूबच्या मानेवरची योक कॉइल, कारण तिच्यातलं तांबं उघडं असतं, ओढलं की हाताला येतं. मग स्पीकरचं लोहचुंबक, ॲल्युमिनियमच्या हीटसिंका. ट्यूबच्या काचेत शिसं असतं, ती कुणालाच नको असते. शेवटी बोर्डाच्या कडेला मुठीएवढा एक काळा ठोकळा तसाच उरतो. त्याच्या आतही तांबंच आहे, पण केसाहून बारीक तारेचं, आणि ती तार इपॉक्सीत गाडलेली. हातोडीनं फोडत बसलं तर तासाभरात चिमूटभर हाती लागेल. भंगारवाल्याच्या हिशेबात ते बसत नाही, म्हणून हा ठोकळा शाबूत राहतो आणि हौशी पोरांच्या हाती लागतो.

टीव्हीचे मेकॅनिक याला ई.एच.टी. म्हणतात, काही जण एलओटी. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात तो फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर असतो. रंगीत सेटमधला एक हातात घेऊन बघा. खालच्या अंगाला अर्धवर्तुळात दहा पिना. एका बाजूनं फेराइटचा गाभा बाहेर डोकावतो, त्याचे दोन तुकडे स्प्रिंगच्या पट्टीनं आवळलेले. समोर दोन खुंट्या, एक फोकसची आणि एक स्क्रीनची. डोक्यातून जाड लाल वायर निघते, तिच्या टोकाला रबरी टोपी आणि टोपीच्या पोटात तारेचे दोन आकडे. हे आकडे पिक्चर ट्यूबच्या काचेतल्या भोकात अडकवलेले असत. चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट सेटमध्ये तिथं ११,००० व्होल्टच्या आसपास दाब असे, वीस-एकवीस इंची रंगीत सेटमध्ये तोच २५,००० च्या घरात जाई. आपल्या घरात येणारी लाइट २३० व्होल्टची.

एवढा दाब येतो कुठून? आपल्याकडच्या पद्धतीत पडद्यावरचं चित्र ६२५ रेषांचं, अशी २५ चित्रं सेकंदाला. म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. एका रेषेच्या वाट्याला ६४ मायक्रोसेकंद येतात. त्यातला बहुतेक वेळ इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडं जातो, आणि उरलेल्या साधारण १२ मायक्रोसेकंदांत त्याला झटकन परत यावं लागतं. झोत पुढं जात असताना ट्रान्झिस्टर ठोकळ्यातल्या कॉइलमधून करंट वाढवत नेतो आणि रेषा संपली की तो एकदम तोडतो. उपसा योजनेची मोटार चालू असताना लाइट गेली, की चढावरच्या पाइपलाइनीत पाणी उलटं येऊन कसा दणका बसतो, हे वारणाकाठच्या शेतकऱ्याला सांगायला नको. इथं पाण्याच्या जागी करंट आहे. कॉइलच्या टोकांना त्या क्षणी हजार व्होल्टच्या आसपासचा दणका बसतो, म्हणून तर तिथला बीयू ५०८ हा ट्रान्झिस्टर १,५०० व्होल्ट सोसणारा लागतो. वरच्या हजारो वेढ्यांत तोच दणका कितीतरी पट होतो आणि वेढ्यांच्या थरांमध्ये बसवलेले डायोड त्याला एका दिशेचा करून लाल वायरीत सोडतात. ऊर्जा साठते ती मुख्यतः फेराइटच्या दोन तुकड्यांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या कागदाच्या जाडीच्या फटीत. फुटलेला गाभा चिकटवताना ती फट बुजवली, तर ट्रान्सफॉर्मर दिसायला धडधाकट आणि कामाला निकामी.

सेकंदाला १५,६२५ वेळा चालणाऱ्या या कामाची बारीक शिट्टी ऐकू यायची. लहान पोरांना ती गल्लीतूनच कळे आणि कुणाच्या घरी टीव्ही लागलाय ते समजे. म्हाताऱ्या माणसांचे कान तिथवर पोचत नसत.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, १९८२ च्या एशियाडबरोबर रंग आला, १९८४ च्या सुमारास लहान प्रक्षेपण केंद्रांचा सपाटा लागला आणि जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं तोवर टीव्ही खेड्यापाड्यांत पोचला होता. आंबा घाटाकडं, विशाळगडाकडं डोंगर आडवे येतात. उंच कळकावर ॲंटेना चढवायचा, त्याला बूस्टर लावायचा आणि एकानं वर फिरवायचा, दुसऱ्यानं खालून “आलं, आलं... गेलं!” म्हणून ओरडायचं. बारा व्होल्टवर चालणारे छोटे सेट असत. लाइट नसली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणून त्यावर मॅच बघितली जाई. बारा व्होल्टच्या बॅटरीतून अकरा हजार व्होल्ट काढणारा तो काळा ठोकळाच. त्याच्याकडं तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं.

लक्ष असायचं मेकॅनिकचं, आणि तेही जून लागल्यावर. या तालुक्याचा पश्चिमेकडचा पट्टा म्हणजे पावसाचं माहेर. कोंदट हवेत, धूळ बसलेल्या सेटमध्ये ई.एच.टी. ‘लीक’ व्हायला लागते. आधी टिक्-टिक् असा आवाज, मग चित्रावर ठिपके, मग तो उग्र, नाकात झोंबणारा ओझोनचा वास. मुरलेला मेकॅनिक अशा वेळी मीटर काढत नाही. दुकानातला दिवा घालवतो, सेटचं मागचं झाकण काढतो आणि अंधारात जांभळी ठिणगी कुठून कुठं जाते ते बघतो. रबरी टोपीखाली ओल असेल तर पुसून, वाळवून, सिलिकॉन ग्रीस लावून भागतं. ठोकळ्यालाच चीर गेली असेल तर अराल्डाइट भरून गिऱ्हाइकाचे दोन-चार महिने काढता येतात, नंतर नवीन घालावीच लागते.

ई.एच.टी.चा शॉक ज्यानं खाल्ला नाही तो मेकॅनिकच नव्हे, अशी या धंद्यात फुशारकी असे. तिच्यामागं एक खरी गोष्ट आहे. टीव्हीतली ई.एच.टी. व्होल्ट भरपूर देते, पण करंट जेमतेम एक-दीड मिलिअँपिअर. हात लागला की दाब ढासळतो. माणूस मागं फेकला जातो, शिव्या देतो आणि परत कामाला लागतो. बंद सेटमध्येही पिक्चर ट्यूब चार्ज धरून बसते, कारण आतला-बाहेरचा काळा लेप आणि मधली काच मिळून तिचा कॅपॅसिटर होतो. त्यात साठते ती साधारण अर्धा ज्यूल ऊर्जा. त्या दणक्यानं हात झटकला जातो आणि ट्यूबची नाजूक मान तुटते, हे नुकसान मोठं. म्हणून आधी स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधून ती चॅसीला जोडायची आणि टोपीखाली सरकवायची. जाणता मेकॅनिक खरा बिचकतो तो पॉवर सप्लायमधल्या ३०० व्होल्टच्या मोठ्या कॅपॅसिटरला. त्याचे व्होल्ट कमी आहेत, पण तो माणूस सोडत नाही.

आता हौशी मंडळींकडं वळू. भंगारातून काढलेल्या ई.एच.टी.ला नवीन जीव द्यायची सर्वांत जुनी रीत एका ट्रान्झिस्टरची. उघड्या गाभ्यावर जाड वायरीचे मोजके वेढे स्वतः गुंडाळायचे, शेजारी फीडबॅकचे दोन-चार, दोन रेझिस्टर आणि भल्यामोठ्या हीटसिंकवर २एन३०५५. फीडबॅकची टोकं उलटी लागली तर काहीच होत नाही. अदलाबदल केली की ठोकळा सूं करायला लागतो. याच्या पुढची पायरी ५५५ आयसीची. हान्स कामेनझिंड यांनी आखलेला आणि १९७२ पासून बाजारात असलेला हा आयसी पॉलिटेक्निकच्या पोरांच्या खिशात सापडतोच. त्यावर फ्रिक्वेन्सी हवी तशी फिरवता येते. तिसरी रीत इटलीच्या व्लादिमिरो माझ्झिली यांच्या नावानं ओळखली जाते: दोन आयआरएफपी २५० मॉसफेट, एक चोक, चांगल्या प्रतीचा एक कॅपॅसिटर आणि गाभ्यावर पाच अधिक पाच वेढे, मधून टॅप. सगळं मिळून सुटे भाग मूठभर. पुण्याच्या तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अर्ध्या तासात जमतात.

पिना ओळखणं हा वेगळाच खेळ. लाल वायरीचं दुसरं टोक दहांतल्या नेमक्या कुठल्या पिनेवर आहे हे मीटर सांगत नाही. आत एकामागं एक डायोड बसलेले असतात, मीटरच्या बॅटरीला ते उघडत नाहीत आणि काटा हलतच नाही. मग सर्किट कमी व्होल्टवर चालू करून, लाल वायर सुक्या प्लॅस्टिक पाइपाला बांधून, एकेका पिनेजवळ लांबूनच न्यायची. जिथं ठिणगी सर्वांत लांब उडी मारते ती पीन. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सेटमधल्या ई.एच.टी.ला हौशी लोक जास्त मान देतात, कारण त्यांतल्या बऱ्याच जणींत आतला डायोड नसतो, रेक्टिफायरची कांडी बाहेर वेगळी असते. ती काढली की शुद्ध एसी मिळतो, आणि एसीवर बरंच काही करता येतं.

म्हणजे काय काय? इंग्रजी व्ही आकारात दोन सळया उभ्या केल्या की खाली पेटलेली ठिणगी तापलेल्या हवेबरोबर वर चढत जाते, टोकाला तुटते, परत खाली पेटते. पिवळा दिवा देणारा साधा जुना बल्ब एका टोकाला लावला की आतल्या वायूत जांभळे धागे नाचतात. हलक्या काड्यांचा त्रिकोण, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमच्या वर्खाची पट्टी आणि वर बारीक तार असा सांगाडा करून त्याला एसी नव्हे, एका दिशेचा दाब दिला, तर हवेचे भारित कण खाली ढकलले जातात आणि सांगाडा टेबलावरून उचलला जातो. गुरुत्वाकर्षणावर मात वगैरे काही नाही, निव्वळ वारा आहे. पावसाळ्यात यातलं काहीच धड चालत नाही. ओलसर लाकडावरून, टेबलाच्या सनमायकावरून दाब आधीच झिरपून जातो. आंब्याला जुलैत असा प्रयोग मांडणारा माणूस एक तर नवशिक्या असतो नाहीतर फार हट्टी.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण मला वाटतं सगळा घोळ इथंच होतो. मेकॅनिकच्या शॉकच्या गोष्टी ऐकून पोरांना वाटतं, ई.एच.टी. म्हणजे चटका देणारी पण निरुपद्रवी वस्तू. ठोकळा तोच, पण त्याच्यामागं उभा केलेला सप्लाय वेगळा. टीव्ही त्यातून वीस-तीस वॉट काढत असे. माझ्झिलीच्या सर्किटला २४ व्होल्ट आणि सहा अँपिअर दिले, तर जवळजवळ दीडशे वॉट आत ढकलले जातात. ठिणगी जांभळी राहत नाही, पिवळी-पांढरी ज्योत होते, कागद पेटवते, काच वितळवते, आणि तिच्यातला करंट हृदय बंद पाडण्याइतका असू शकतो. त्याच्या जोडीला हाय व्होल्टेज कॅपॅसिटर लावला, तर दुसरी संधी मिळेलच असं नाही. ठोकळ्यालाही हे सोसत नाही. आतले डायोड तापतात, इपॉक्सी तडकते आणि एके दिवशी बाजूनं धूर निघतो. इथली दुसरी सवय म्हणजे कसलीही काठी हवी असली की कळक तोडून आणायचा. ओल धरलेला कळक वीस हजार व्होल्टला काठी नसतो, वायरच असतो. एक हात खिशात, पायात सुक्या चपला, शेजारी सप्लायचं बटण हाताशी घेऊन बसलेला दुसरा माणूस, एवढं नसेल तर मांडामांड करूच नये. तो दुसरा माणूस जुना टीव्ही मेकॅनिक असेल तर फारच उत्तम. त्यांच्याकडं मोबाइलचे डिस्प्ले आणि एलईडीच्या पट्ट्या बदलायचं काम आलंय, पण हाय व्होल्टेज डोळ्यांनी आणि नाकानं ओळखणारी ही शेवटची पिढी आहे. तालुका विज्ञान प्रदर्शनात पोरांना मार्गदर्शक म्हणून त्यांना कुणी बोलावत नाही, हे मला कधीच पटलेलं नाही.

खोलून बघायचा आणि त्यातून दुसरं काही उभं करायचा हा नाद कोल्हापूरला जुना आहे. १९१८ साली बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा कोल्हापुरातच घडवला होता. शाहूवाडीतल्या नादाला शेतीचं निमित्त मिळालंय. उत्तरेला चांदोलीचं जंगल, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथून आणि आंब्याच्या रानातून गवे उसात, भातात उतरतात, रानडुकरं तर ठरलेलीच. म्हणून बांधाबांधावर कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं झटका मशीन आलं. पोरांना वाटतं, आपली ई.एच.टी. तारेला जोडली की झालं. तसं नाही. झटका मशीनमध्ये सौर बॅटरीवरून एक कॅपॅसिटर भरतो आणि एससीआर तो सेकंदा-दीड सेकंदानं ट्रान्सफॉर्मरमध्ये रिकामा करतो. तारेत आठ-दहा हजार व्होल्ट येतात, पण सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ. मग मधल्या विश्रांतीत जनावर, माणूस, कुणीही सुटून मागं जाऊ शकतो. आयईसी ६०३३५-२-७६ या मानकात ही विश्रांती आणि एका झटक्याची ऊर्जा, दोन्ही बांधून दिलेली आहेत. हौशी सर्किट सलग चालतं, त्यात विश्रांती नाही. आणि लाइटची २३० व्होल्टची तार थेट कुंपणाला लावणं हा तर सरळ गुन्हा. त्यात दरवर्षी महाराष्ट्रात माणसं जातात, बहुधा रात्री पाणी पाजायला निघालेला शेजारचाच शेतकरी.

पूर्वी जिथं टीव्ही यायचे त्यातल्या काही दुकानांत आता झटका मशीन दुरुस्तीला येतं. जूनमध्ये टिक्-टिक् करणारी मशीनं येतात, त्यांचा ट्रान्सफॉर्मर चिरलेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये येणारी वेगळी, “झटकाच लागत नाही, गवं तार वाकवून जातंय” अशी तक्रार घेऊन. त्यांत बऱ्याचदा मशीनमध्ये दोष नसतोच. अर्थिंगची सळई जांभ्याच्या सड्यावर वीतभर ठोकलेली असते आणि तिच्या बुडाशी जमीन ठणठणीत कोरडी असते. मशीन तसंच परत द्यायचं, आणि सळई खोल घालून तिथं मीठ, कोळसा टाकून वर बादलीभर पाणी ओतायला सांगायचं.