बंदर किती तासांचं?

लोहाऱ्याहून क्रूझला निघायचं म्हणजे आधी सोलापूर गाठायचं, तिथून रात्रीच्या गाडीने मुंबई आणि मग बॅलार्ड पिअरचा धक्का. एवढा पल्ला मारून गेलेलं कुटुंब नाराज होऊन परतलं, की बोल लागतो तो जेवणाला नाहीतर केबिनला. माझ्या मते खरा दोष वेळापत्रकाचा असतो. जाहिरातीत बंदरांची नावं ठळक छापलेली असतात. पण तिकिटाखेरीज कंपनीला मिळकत होते ती बोटीवरच्या बारमधून, कॅसिनोतून, दुकानांतून आणि किनाऱ्यावरच्या सहली विकून. प्रवासी स्वतःच्या पायांनी गावात जास्त वेळ हिंडला, तर त्यात तिचा काहीच लाभ नाही.

हिशेब मांडून पाहू. समजा, बोट सकाळी आठला मुरगावला लागली आणि संध्याकाळी पाचला सुटणार आहे. तपासणी आणि उतरण्याच्या रांगेत तासभर जातो. परतायचं असतं ते बोट सुटण्याच्या अर्धा-एक तास आधी. जुनं गोवं तिथून तीसेक किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन आणखी दोन तास. हातात उरतात पाच. चर्च, मंगेशी, समुद्रकिनारा आणि निवांत जेवण यांतलं दोनच काय ते जमतं. आपल्या नळदुर्गचा किल्ला आणि पाणीमहाल नीट बघायलाही अर्धा दिवस लागतो! परदेशातही हीच गत आहे. ‘रोम’ म्हणून विकला जाणारा थांबा असतो चिविताव्हेक्किया बंदरात, रोमपासून सत्तरेक किलोमीटर दूर. व्हेनिसच्या जुन्या शहरालगतच्या पाण्यातून मोठ्या क्रूझ बोटींना 2021च्या ऑगस्टपासून बंदीच आहे. लक्षद्वीपला तर मोठी बोट बाहेर उभी राहते आणि माणसं लहान होड्यांतून बेटावर जातात. समुद्र खवळला की उतरणंच रद्द. बंदर बदलण्याचा किंवा गाळण्याचा हक्क कंपन्या तिकिटाच्या अटींतच राखून ठेवतात. 2022च्या जानेवारीत मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया बोटीवर 66 जण कोरोनाबाधित आढळले, आणि सुमारे दोन हजार माणसांना घेऊन आलेली ती बोट मुंबईला परत फिरली.

कोकणातली जुनी आगबोट आठवून पाहावी. भाऊच्या धक्क्यावरून सुटून ती जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायची. सोयी बेताच्याच, पण बंदरावर माणसं उतरवणं हेच तिचं काम होतं. क्रूझचं तसं नाही. तिथे बोट हेच मुक्कामाचं ठिकाण असतं.

यावर कुणी म्हणेल, मग त्यात वाईट काय? सामान एकदाच लावायचं, आजी-आजोबांची दगदग नाही, मुलांना तरणतलाव, रोज नवं हॉटेल शोधायला नको. हे सगळं खरं आहे आणि गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ही सोय मोलाचीच. ज्यांना समुद्रावर नुसता आराम हवा आहे, त्यांनी खुशाल जावं. पण मग निवडही बोट पाहूनच करावी आणि बंदरांच्या नावांपायी जादा पैसे मोजू नयेत. गोवं बघायचं असेल, तर सोलापूरहून रस्त्याने जाऊन चार दिवस राहणंच बरं.

म्हणून पैसे भरण्याआधी एजंटाकडून चार गोष्टी लेखी घ्या: बोटीवरून उतरण्याची आणि परत चढण्याची वेळ, धक्क्यापासून गावाचं अंतर, बोट धक्क्याला लागते की होडीतून जावं लागतं, आणि बंदर गाळलं तर किती पैसे परत मिळतील. उत्तर तोंडी मिळत असेल, तर बुकिंग करू नका.